प्रतिमा कोठे बिघडली? : दर्पण, भिंग आणि नेत्र यांचा चिकित्सकोपयोगी विचार

सर्व इंद्रियांत नेत्र प्रधान मानला गेला आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राचा प्रारंभच नेत्ररोगांनी केला, शहात्तर नेत्ररोग वर्णन केले आणि त्यांत दृष्टिगत रोगांना स्वतंत्र अध्याय दिला. असे असूनही आज सामान्य चिकित्सालयात नेत्ररुग्णाची तपासणी बहुधा एका वाक्यात आटोपते. रुग्ण म्हणतो, ‘अंधुक दिसते’; वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, एखादे चाक्षुष्य घृत अथवा चूर्ण लिहून देतो. औषधालयात तर तेवढेही होत नाही. नेत्रबिंदूंची बाटली किंवा तयार चष्मा ग्राहकाच्या हाती पडतो आणि प्रश्न मिटला असे दोघेही मानतात.

परंतु ‘अंधुक दिसते’ हे निदान नव्हे, ते केवळ लक्षण होय. बाह्य वस्तूपासून निघालेला प्रकाश नेत्रात शिरतो, वाकतो, पडद्यावर प्रतिमा उमटवतो आणि मग तिचे ज्ञान होते. या मार्गात प्रतिमा नेमकी कोठे बिघडली हे जाणल्यावाचून औषधाची निवड करता येत नाही आणि औषधाने गुण आला की नाही हेही सांगता येत नाही. त्यासाठी लागणारे प्रकाशशास्त्र फारसे अवघड नाही. शाळेत शिकलेल्या दर्पणाच्या व भिंगाच्या नियमांत ते सामावले आहे. त्याची उजळणी करून चिकित्सेत त्याचा उपयोग कसा करावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

कवडसा : सर्वांत साधी प्रतिमा

कौलारू घरात दुपारी जमिनीवर पडणारे कवडसे आपण सर्वांनी पाहिले आहेत. कौलांमधील फट वेडीवाकडी असली तरी कवडसा मात्र गोल पडतो. याचे कारण असे की कवडसा ही फटीची आकृती नसून सूर्याची प्रतिमा असते. सूर्याच्या प्रत्येक बिंदूपासून आलेला किरण लहान छिद्रातून सरळ रेषेत जातो. वरचा किरण खाली, खालचा वर असा क्रम लागून उलटी प्रतिमा तयार होते. छिद्रापासून जमीन तीन मीटर असेल तर ही प्रतिमा सुमारे २८ मिलिमीटर व्यासाची पडते. २६ डिसेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, त्या वेळी झाडाखालचे कवडसेही कोरीच्या आकाराचे झाले होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. छिद्र लहान असेल तर भिंगावाचूनही स्पष्ट प्रतिमा पडते, मात्र ती मंद असते. छिद्र मोठे केले की उजेड वाढतो, पण प्रतिमा विसकटते. अधिक उजेड आणि स्पष्ट प्रतिमा ही दोन्ही हवी असतील तर भिंग लागते. नेत्रपरीक्षेतील एका फार सोप्या उपायाचे मूळ याच नियमात आहे. त्याचा विचार पुढे येईल.

दर्पण

प्रकाशकिरण दर्पणावर ज्या कोनाने पडतो त्याच कोनाने परावर्तित होतो. सपाट आरशातील प्रतिमा आरशाच्या मागे, वस्तू जितकी पुढे तितक्याच अंतरावर भासते. ती आभासी असते, म्हणजे पडद्यावर घेता येत नाही. बहिर्वक्र दर्पणातील प्रतिमा सुलटी, लहान व आभासी असते. वाहनाच्या बाजूस बसवलेला आरसा हे त्याचे उदाहरण. अंतर्वक्र दर्पण मात्र दूरच्या वस्तूची उलटी व वास्तव प्रतिमा देतो.

नेत्राच्या लेखात दर्पणाचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. उत्तर असे की नेत्र स्वतःच एक दर्पण आहे. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात खिडकीची चिमुकली सुलटी प्रतिमा दिसते, ती पारपटल हा बहिर्वक्र दर्पण असल्यामुळे. त्याच्या वक्रतेची त्रिज्या सुमारे ७.८ मिलिमीटर असते. या प्रतिमेचा आकार मोजून पारपटलाची वक्रता काढतात. मोतीबिंदूच्या शस्त्रकर्मापूर्वी कृत्रिम भिंगाचा क्रमांक ठरवताना हेच मापन, नेत्रगोलाच्या लांबीच्या जोडीने, वापरले जाते.

याहून मनोरंजक निरीक्षण पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८२३ साली वर्णिले. अंधाऱ्या खोलीत रुग्णाच्या डोळ्यासमोर, किंचित बाजूस, मेणबत्ती धरली असता बाहुलीच्या परिसरात तिच्या एकाहून अधिक प्रतिमा दिसतात. पहिली तेजस्वी व सुलटी, पारपटलाची. दुसरी मोठी, मंद व सुलटी, नेत्रभिंगाच्या पुढील पृष्ठाची. तिसरी लहान आणि उलटी. ती भिंगाच्या मागील पृष्ठाची, कारण ते पृष्ठ प्रकाशास अंतर्वक्र दर्पणाप्रमाणे सामोरे जाते. मेणबत्ती उजवीकडे नेली की ही उलटी प्रतिमा डावीकडे सरकते. भिंग गढूळ झाले की ही प्रतिमा नाहीशी होते. एकोणिसाव्या शतकात मोतीबिंदू ओळखण्यासाठी या परीक्षेचा उपयोग केला जात असे. आज तिची जागा सूक्ष्मदर्शकयुक्त दीपाने घेतली आहे.

भिंग

प्रकाश हवेतून काचेत वा पाण्यात शिरताना वाकतो, यास अपवर्तन म्हणतात. बहिर्वक्र भिंग समांतर किरणांना एका बिंदूत, म्हणजे नाभीत, एकत्र आणते. अंतर्वक्र भिंग त्यांना फाकवते. भिंगापासून नाभीपर्यंतचे अंतर ते नाभीय अंतर. मीटरमधील नाभीय अंतराचा व्यस्त म्हणजे भिंगाची शक्ती. तिचे एकक डायॉप्टर. व्यवहारात आपण ज्याला चष्म्याचा ‘नंबर’ म्हणतो तो हाच. अधिक २ क्रमांकाच्या भिंगाचे नाभीय अंतर ५० सेंटिमीटर असते.

औषधालयात तयार चष्मे ठेवणाऱ्यांना यातून एक घरगुती कसोटी मिळते. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ चष्म्याची काच धरून बाहेरच्या दृश्याची स्पष्ट उलटी प्रतिमा भिंतीवर पाडावी व काच ते भिंत हे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. शंभरास त्या अंकाने भागले की क्रमांक मिळतो. ५० आले तर अधिक २, ४० आले तर अधिक अडीच. दोन्ही काचांचा क्रमांक सारखा आहे ना, हेही याच रीतीने कळते. काच हातात धरून आडवी हलवली असता पलीकडचे दृश्य विरुद्ध दिशेस सरकले तर ती बहिर्वक्र, त्याच दिशेस सरकले तर अंतर्वक्र. काच गोल फिरवताना खिडकीचा उभा गज तिरका झालेला दिसला तर त्या काचेत तिरकसपणाचा, म्हणजे दृष्टिवैषम्याचा क्रमांक आहे असे समजावे. अशा चष्म्याच्या जागी तयार चष्मा देणे योग्य नव्हे.

नेत्र

पाहण्याच्या क्रियेत काहीतरी डोळ्यातून बाहेर जाते की बाहेरून डोळ्यात येते, हा वाद फार जुना आहे. न्यायदर्शनाने चक्षुरिंद्रिय तैजस मानून त्याचे रश्मी विषयापर्यंत पोहोचतात असे प्रतिपादिले; ग्रीक गणिती युक्लिडही डोळ्यातून निघणाऱ्या किरणांच्या आधारे विवेचन करी. अकराव्या शतकाच्या प्रारंभी अरब पंडित इब्न अल-हैथम याने प्रकाश वस्तूपासून डोळ्याकडे येतो हे प्रयोगांनिशी मांडले. १६०४ साली केप्लरने नेत्रभिंग प्रकाश एकवटते आणि प्रतिमा दृष्टिपटलावर उलटी पडते हे गणिताने सिद्ध केले. १६२५ साली शायनर याने मानवी नेत्राच्या मागील आवरणाचा भाग काढून ही उलटी प्रतिमा प्रत्यक्ष पाहिली. प्रतिमा उलटी असूनही जग उलटे दिसत नाही, कारण मेंदू ती चित्रासारखी पाहत नाही, तिचा अर्थ लावतो. डोळा साधन आहे, द्रष्टा दुसरा कोणी आहे, हे आपल्या दर्शनकारांस मान्यच होते.

आकडे पाहू. निरोगी नेत्राची एकूण अपवर्तनशक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यातील बहुतांश, सुमारे ४३ डायॉप्टर, पारपटलाची आहे. आतल्या भिंगाचा वाटा कमी, पण त्याचे महत्त्व वेगळे. ते आपला फुगीरपणा बदलून दूरचे व जवळचे आळीपाळीने स्पष्ट करते. यास समायोजन म्हणतात. नेत्रगोलाची लांबी सुमारे २४ मिलिमीटर. दृष्टितक्त्यातील ६/६ ओळीचे अक्षर ८.७ मिलिमीटर उंच असते आणि सहा मीटरवरून पाहिल्यास त्याची दृष्टिपटलावरील प्रतिमा एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी पडते. इतक्या सूक्ष्म चित्रास किती अल्प विकृती बाधक ठरेल, याची कल्पना यावरून यावी. नेत्रगोल केवळ एक मिलिमीटर लांब झाला तर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरची निकटदृष्टिता येते.

बिघाडाची चार स्थाने

या विवेचनावरून ‘अंधुक दिसते’ या तक्रारीची चार स्थाने सिद्ध होतात.

पहिले, प्रतिमा चुकीच्या ठिकाणी पडणे. निकटदृष्टितेत ती दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते व अंतर्वक्र भिंग लागते. दूरदृष्टितेत पलीकडे, तेव्हा बहिर्वक्र भिंग लागते. दृष्टिवैषम्यात निरनिराळ्या दिशांचे किरण निरनिराळ्या ठिकाणी एकवटतात. चाळिशीनंतर भिंगाचा लवचिकपणा उणावतो, त्यामुळे वाचनाचा चष्मा लागतो. येथे डोळा रोगी असतोच असे नाही. बहुधा मापात चूक असते. वाढलेला नेत्रगोल कोणत्याही घृताने आखूड होत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगणे वैद्याचे कर्तव्य होय.

दुसरे, मार्ग गढूळ होणे. पारपटलावरील फूल, मोतीबिंदू, नेत्राच्या आतील रक्तस्राव ही याची उदाहरणे.

तिसरे, पडदा बिघडणे. प्रतिमा उत्तम पडली तरी ती घेणारे दृष्टिपटलच मधुमेहाने, वार्धक्याने किंवा सुटल्याने निकामी झाले असेल तर चष्म्याचा उपयोग नाही.

चौथे, वार्ता न पोहोचणे. काचबिंदूत दृष्टिनाडी हळूहळू क्षीण होते. बालकात एका डोळ्याची प्रतिमा वर्षानुवर्षे अस्पष्ट राहिली तर मेंदू त्या डोळ्याने पाहण्यास शिकतच नाही; त्यावरील उपाय सात-आठ वर्षांच्या आत केल्यास यश अधिक, नंतर कमी. म्हणून शाळकरी मुलाचा चष्मा टाळण्यासाठी औषधाची वाट पाहत बसणे घातक ठरू शकते.

सुश्रुतोक्त चार पटलांचा या चार स्थानांशी एकास एक मेळ घालण्याचा मोह टाळावा. मात्र आचार्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते हे या ज्ञानाने अधिक उमगते. द्वितीय पटलाच्या दुष्टीत माशा, मच्छर, केस, जाळी यांचा भास होतो आणि प्रयत्न करूनही सुईचे नाक दिसत नाही, असे ते सांगतात. डोळ्यांसमोर तरंगणारे ठिपके म्हणजे नेत्रातील काचद्रवात तरंगणाऱ्या कणांची दृष्टिपटलावर पडणारी सावली होय. म्हणून डोळा फिरवला की तेही धावतात. दोष दृष्टीच्या मध्यभागी असता एकच वस्तू दोन भासते, असेही तेथे म्हटले आहे. भिंगाच्या मध्यभागाचा घनपणा असमान झाला की एका डोळ्यानेसुद्धा दोन प्रतिमा दिसतात, हा आजच्या नेत्रतज्ज्ञांचाही नित्याचा अनुभव आहे.

नावाबाबतही सावध राहावे. संहितेतील ‘काच’ ही तिमिराची पुढील अवस्था; मराठीतील ‘काचबिंदू’ हा नेत्रातील दाबाशी निगडित, दृष्टिनाडीचा व्याधी. नामसादृश्यावरून एकाची चिकित्सा दुसऱ्यास लावणे धोक्याचे आहे.

फसवा गुण

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. साठी उलटलेला रुग्ण काही महिने औषध घेतो आणि एके दिवशी आनंदाने सांगतो, ‘वैद्यबुवा, आता वर्तमानपत्र चष्म्यावाचून वाचता येते.’ रुग्णास औषधाचा गुण वाटतो, वैद्यास समाधान वाटते आणि त्या औषधाची ख्याती वाढते. पण भिंगाच्या गाभ्यात मोतीबिंदू वाढू लागला की गाभा घन होतो, त्याची अपवर्तनशक्ती वाढते आणि डोळा निकटदृष्टी बनतो. जवळचे दिसू लागते, ते यामुळे. त्याच वेळी दूरचे अधिक अंधुक झालेले असते. ते विचारले नाही तर कळत नाही. काही काळाने जवळचेही मावळते. अशा रुग्णाची दूरदृष्टी तक्त्यावर तपासल्याशिवाय गुण आला असे लिहू नये.

दुसरा फसवा प्रकार मधुमेहाचा. रक्तशर्करा वाढली की भिंगातील जलांश बदलतो आणि बहुधा निकटदृष्टिता येते. शर्करा झपाट्याने उतरली की उलट बदल होऊन जवळचे अंधुक दिसते. हा बदल स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. म्हणून प्रमेहाची चिकित्सा नुकतीच सुरू झालेल्या रुग्णास नवा चष्मा करण्याची घाई करू देऊ नये. तसेच दृष्टी सुधारली म्हणून दृष्टिपटल निर्दोष आहे असेही मानू नये. मधुमेही रुग्णाचे दृष्टिपटल वर्षातून एकदा तरी तज्ज्ञाकडून पाहून घेणे आवश्यक आहे.

चिकित्सालयात करावयाची परीक्षा

सहा मीटर लांबीची खोली बहुतेक चिकित्सालयांत नसते. तीन मीटरवर सपाट आरसा लावावा आणि उलट्या अक्षरांचा तक्ता रुग्णाच्या डोक्यावर, मागील भिंतीस टांगावा. आरशातील प्रतिमा आरशामागे तितकीच दूर भासत असल्याने एकूण अंतर सहा मीटर होते आणि अक्षरे सुलटी दिसतात. तक्त्यावर चांगला उजेड असावा. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे, दुसरा नीट झाकून, तपासावा. दूरचा चष्मा असल्यास तो घालूनच.

त्यानंतर छिद्रपरीक्षा. जाड काळ्या पुठ्ठ्यास सुमारे एक मिलिमीटर व्यासाचे स्वच्छ छिद्र पाडावे व त्यातून तक्ता वाचावयास सांगावे. कवडशाच्या नियमानुसार लहान छिद्रातून भिंगाच्या मदतीवाचून प्रतिमा स्पष्ट पडते, म्हणून चष्म्याचा दोष तात्पुरता झाकला जातो.

छिद्रातून आणखी ओळी वाचता आल्या तर दोष बहुधा पहिल्या स्थानी आहे. चष्म्याची तपासणी करवावी. काहीच फरक पडला नाही तर मार्ग, पडदा किंवा नाडी यांचा विकार संभवतो, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. छिद्रातून दृष्टी उलट कमी झाली तर भिंगाचा मध्य गढूळ असणे किंवा दृष्टिपटलाचा मध्यबिंदू बिघडलेला असणे संभवते. अशा रुग्णास औषध देऊन थांबवू नये.

या परीक्षेच्या मर्यादाही जाणाव्यात. काही मोतीबिंदूंतही छिद्राने थोडी सुधारणा दिसते. काचबिंदूत मध्यदृष्टी शेवटपर्यंत टिकू शकते, म्हणून ६/६ वाचणारा रुग्णही त्यातून सुटला असे म्हणता येत नाही. चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणास काचबिंदू असल्यास, नेत्रदाबाची व दृष्टिनाडीची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी.

पुढील लक्षणे असता परीक्षेतही वेळ घालवू नये. त्याच दिवशी नेत्ररुग्णालयात धाडावे : अचानक दृष्टी जाणे. एकाएकी पुष्कळ ठिपके व विजेसारख्या चमका दिसणे अथवा एका बाजूने पडदा उतरल्यासारखे वाटणे. तीव्र वेदना, लाली, वांती आणि दिव्याभोवती रंगीत वलये. नेत्रास आघात होणे. औषधालयाच्या फळीवर बसणाऱ्या व्यक्तीसही ही चार वाक्ये पाठ असावीत, कारण पुष्कळदा असा रुग्ण प्रथम तेथेच ‘एखादा ड्रॉप’ मागावयास येतो.

शस्त्रकर्म आणि प्रकाशशास्त्र

कफज लिंगनाशावर सुश्रुताचार्यांनी यववक्त्र शलाकेने करावयाचे कर्म सांगितले. पुढे भारतात दीर्घकाळ रूढ असलेल्या शलाकाकर्मात गढूळ भिंग बाहुलीपुढून बाजूस सारले जाई. प्रकाशास वाट मिळे, रुग्णास माणसे व वस्तू ओळखू येत. पण भिंगच स्थानभ्रष्ट झाल्याने प्रतिमा एकवटत नसे. ती उणीव भरण्यास सुमारे अधिक १० क्रमांकाचा जाड चष्मा लागतो. १९४९ साली लंडन येथे हॅरल्ड रिडली यांनी गढूळ भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवले आणि मार्ग मोकळा करणे व प्रतिमा एकवटणे ही दोन्ही कार्ये शस्त्रकर्माने साधण्याचा पाया घातला. मोतीबिंदूमुळे व्यवहार अडू लागला की शस्त्रकर्माचा सल्ला देण्यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. औषधसाध्य व शस्त्रसाध्य हा भेद आपल्या आचार्यांनीच घालून दिला आहे.

शास्त्रोक्त चाक्षुष्य द्रव्ये, अंजन, तर्पण, आश्च्योतन यांचे स्थान आपापल्या जागी आहे. त्यांची योजना योग्य रुग्णावर व्हावी आणि त्यांच्या यशापयशाचे मोजमाप प्रामाणिकपणे व्हावे, यासाठी चिकित्सेपूर्वीची व नंतरची दृष्टी, दूरची व जवळची, छिद्रासह व छिद्राविना, प्रत्येक डोळ्याची वेगळी, रुग्णपत्रिकेवर नोंदवली पाहिजे. एक तक्ता, एक आरसा आणि छिद्र पाडलेला पुठ्ठा, एवढ्या साधनांनी हे होते. या नोंदीत पाच मिनिटे जातात. परंतु तेवढ्याने एखाद्याचा डोळा वेळीच योग्य हाती पडतो.